प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्द: वहीत पाठ असतात, उताऱ्यात ओळखू येत नाहीत

सांजवात

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशासाठी सॅट देणार आहे. गणिताची तिला भीती नाही. गाडी अडते ती इंग्रजी शब्दांपाशी. गेले तीन महिने ती एक जाड वही घेऊन बसते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ११०० च्या वर शब्द झालेत. उजवी बाजू हाताने झाकून मी विचारते आणि ती धडाधड सांगते. चुकतच नाही म्हणा ना.

पण सराव चाचणीला बसली की सगळं पाणी. परवाचा प्रश्न सांगते. एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी आधी ठामपणे लिहिलं होतं की अमुक शेवाळाचे बीजाणू केवळ वाऱ्यानेच पसरतात. पुढे त्यांना पक्ष्यांच्या पायांना चिकटलेले थोडे बीजाणू सापडले. म्हणून नंतरच्या निबंधात त्यांनी आपलं आधीचं विधान 'अमुक' केलं. मोकळ्या जागेसाठी चार पर्याय: क्वालिफाइड, चॅम्पियन्ड, ड्युप्लिकेटेड, फोरशॅडोड.

क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणे, हे तिला लहानपणापासून ठाऊक. विधान पात्र कसं ठरेल? म्हणून तो पर्याय तिने पहिल्याच फटक्यात खोडला. चॅम्पियन म्हणजे विजेता, तोही खोडला. शेवटी फोरशॅडोडवर खूण केली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तोच सगळ्यात अवघड दिसत होता." उत्तर क्वालिफाइड होतं. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली होती, आणि मला काय बोलावं ते सुचेना.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. वही चालू ठेवावी का? किती शब्द पुरतात? आणखी एक. "मराठी मध्ये आणू नका, इंग्रजीतच विचार करायला लावा," असं एका शिकवणीत तिला बजावलंय. तिला ते जमत नाही आणि त्याचंच तिला अपराधी वाटतं.

अक्षरओळ

सांजवातताई, मी बरीच वर्षं या परीक्षेची तयारी करून घेतो. तुमच्या मुलीची चूक मी शेकडो वह्यांमध्ये पाहिली आहे. तिच्या मेहनतीत खोट नाही. ती ज्या परीक्षेची तयारी करते आहे ती परीक्षा आता होत नाही, एवढीच गोष्ट आहे.

सॅट सुरू झाली १९२६ साली. दीर्घकाळ तिच्यात सुटे शब्द विचारले जायचे. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये गेले. 'अमुकाचं तमुकाशी जे नातं तेच कोणाचं कोणाशी' या जातीचे प्रश्न २००५ मध्ये गेले. गाळलेल्या जागांचे जुने प्रश्न २०१६ मध्ये काढले. जाड जाड शब्दांच्या याद्या त्या काळातल्या आहेत, अजून हातोहात फिरतात. २०२३ पासून अमेरिकेबाहेर आणि २०२४ पासून अमेरिकेत परीक्षा संगणकावर आली. आता वाचन-लेखनाच्या भागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटं असतात. २७-२७ प्रश्नांचे दोन टप्पे. पहिला टप्पा कसा गेला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा छोटा उतारा असतो आणि टप्प्याची सुरुवातच संदर्भातून शब्द ओळखण्याच्या प्रश्नांनी होते. म्हणजे तुमच्या मुलीची जिथे गडबड होते ते दारातच उभं आहे.

या प्रश्नांत फसवतो तो अनोळखी शब्द नव्हे. फसवतो तो ओळखीचा शब्द, दुसऱ्या अर्थाने आलेला. क्वालिफायचंच घ्या. "सगळे पक्षी उडतात" हे सरसकट विधान झालं. त्याला कुणी शहामृग दाखवला की आपण म्हणतो, "बरं, बहुतेक पक्षी उडतात." विधान मागे घेतलं नाही, त्याला मर्यादा घातली. हेच क्वालिफाय करणं. बाईंनीही वारा सोडला नाही, 'केवळ' सोडलं. चॅम्पियन क्रियापद म्हणून आला की अर्थ होतो एखाद्या मताचा कैवार घेणे. आणि फोरशॅडो म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची आधीच चाहूल देणे.

असे कितीतरी आहेत. चेक म्हणजे तपासणे, तसंच आवर घालणे. अरेस्ट म्हणजे अटक, आणि रोगाची वाढ रोखणे हेही अरेस्टच. वॉन्ट म्हणजे हवं असणं, पण नाम म्हणून आला की उणीव. टेम्पर म्हणजे राग, पण क्रियापद झाल्यावर अर्थ जवळजवळ उलटा होतो: तीव्रता कमी करणे. नॉव्हेल म्हणजे कादंबरी, आणि विशेषण म्हणून अगदी नवीन. वेदर म्हणजे हवामान, पण संकट वेदर केलं म्हणजे त्यातून तगून बाहेर आलात. सँक्शन तर परवानगीही देतो आणि निर्बंधही लादतो, आजूबाजूचं वाक्य वाचल्याशिवाय कोणता ते कळायचं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की वही ठेवा, पण नवीन १००० शब्द घालण्याआधी तिला 'येतात' असे वाटणारे २०० शब्द पुन्हा उघडा. शब्दकोशात पहिल्या अर्थावर थांबायचं नाही, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत खाली जायचं.

सांजवात

अक्षरओळ, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. 'वॉन्ट'पाशी तिने मला थांबवलं आणि स्वतः कोश काढून बघितला. मराठी मध्ये आणावं की नाही, त्याबद्दल मात्र अजून कुणी बोललं नाही.

प्राजक्त

मी बोलते. त्या पोरीला आधी सांगा की मराठीत विचार करणं हा काही गुन्हा नाही. आपल्या भाषेत शब्दांच्या छटा इतक्या बारीक आहेत की त्या हाताशी असताना बाजूला ठेवणं म्हणजे घरात दिवा असून अंधारात चाचपडणं.

वहीत काय होतं ते मला दिसतंय. फ्रूगल, थ्रिफ्टी, पार्सिमोनियस, मायझर्ली, या सगळ्यांसमोर तिने 'कंजूष' लिहिलं असणार. पण आपण घरी बोलताना असं बोलतो का? काटकसरी बाईचं कौतुक होतं. चिक्कू माणसाला नावं ठेवतात. कवडीचुंबक म्हटलं की विषयच संपला. फ्रूगल आणि थ्रिफ्टी काटकसरीच्या बाजूला बसतात, पार्सिमोनियस चिक्कूच्या, मायझर्ली थेट कवडीचुंबकाच्या. ज्या उताऱ्यात लेखक एखाद्याचं कौतुक करतोय तिथे पार्सिमोनियस बसणारच नाही. ही गोष्ट मराठी येणाऱ्या मुलीला आतून कळते, फक्त वहीत एकच शब्द लिहून आपण तिची ती जाण झाकून टाकतो.

माझा लाडका शब्द टिनेशियस. बहुतेक ठिकाणी 'दृढ' लिहिलेलं असतं, निर्जीव वाटतं. त्याला आपला 'चिवट' लावून बघा. चिवट वेल, चिवट रोग, चिवट खेळाडू. सोडत नाही, तुटत नाही. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. ऑबड्युरेट म्हणजे ज्याला पाझरच फुटत नाही असा. रेझोल्यूट म्हणजे निर्धारी. चारही शब्द 'मागे न हटणारा' असंच सांगतात, पण एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला बोलणी. मी माझ्या वहीत प्रत्येक शब्दाशेजारी अधिक, उणे किंवा शून्य काढायचे. टिनेशियसला अधिक, ऑब्स्टिनेटला उणे. अर्थ विसरला तरी ती खूण बरेचदा आठवायची आणि चारातले दोन पर्याय तिथेच गळायचे.

दीपमाळ

प्राजक्तताईंचं म्हणणं सुंदर आहे, पण मला एक भीती वाटते. मराठी अर्थ ही पहिली पायरी आहे, तिथेच बसून राहिलं तर तुमच्या मुलीचं झालं तेच पुन्हा होतं. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द असा हिशोब कुठेच जुळत नाही. क्रिटिकल घ्या: कधी टीका करणारा, कधी चिकित्सक, कधी निर्णायक, कधी रुग्णाची अवस्था चिंताजनक.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शब्दाची सोबत. हार्बरचा अर्थ 'मनात बाळगणे' असा पाठ केला तर मुलगी आनंदही हार्बर करेल. पण इंग्रजीत हार्बर होतात संशय, आकस, भीती, फार तर एखादी गुप्त इच्छा. मिटिगेट म्हणजे सौम्य करणे, आणि मिटिगेट होतो धोका, नुकसान, परिणाम. त्याला खेटून उभा असलेला मिलिटेट दिसायला भाऊ, पण वागायला वेगळा. तो अगेन्स्टशिवाय सहसा येत नाही आणि त्याचा अर्थ होतो विरोधात काम करणे. इन्डिफरंटच्या मागे टू लागतो, डिस्टिंक्टच्या मागे फ्रॉम. परीक्षेतल्या वाक्यात मोकळ्या जागेच्या पुढे टू दिसला तर अर्धं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

शब्द लिहिताना त्याच्याबरोबर येणारे दोन शब्द लिहा. सुटा शब्द लिहूच नका.

प्राजक्त

दीपमाळ, सोबतीचं शंभर टक्के मान्य. पायरीचं मात्र नाही. मी खूप पुढे गेल्यावरही मराठीकडे वळत राहिले, आणि दर वेळी शब्द थोडा जास्त उमगला.

दूरदेशी

उशिरा येतोय, पण हा विषय माझ्या काळजाचा आहे. मराठी येणाऱ्या मुलांच्या हातात एक किल्ली असते आणि कुणी त्यांना सांगतच नाही. इंग्रजीतले परीक्षेला येणारे जड शब्द बहुतांश लॅटिन आणि ग्रीकमधून आले आहेत. त्या दोन्ही भाषा संस्कृतच्या बहिणी. म्हणजे त्यांच्या मुळाशी जे आहे त्यातलं कितीतरी आपण रोज मराठीत बोलतो.

टेन्युअस या शब्दावर मी एकदा अक्षरशः थांबलो होतो. कोशात अर्थ दिलेला 'क्षीण, कमकुवत', उदाहरणार्थ दोन गोष्टींतला टेन्युअस संबंध. लॅटिनमध्ये टेनुइस म्हणजे पातळ, बारीक. आणि आपल्याकडे? तनु! संस्कृतात तनु म्हणजे सडपातळ, बारीक. तेच मूळ, तोच अर्थ. टेन्युअस संबंध म्हणजे बारीक धाग्याने टिकून असलेला संबंध, ओढला की तुटेल असा. त्याच घरातला एक्सटेन्युएट. गुन्हा झालाय, पण काही परिस्थितीमुळे त्याचा दोष पातळ होतो. 'ज्यामुळे दोष सौम्य ठरतो' ही लांबलचक व्याख्या मला कधी लक्षात राहिली नव्हती, 'दोष पातळ झाला' हे एकदा वाचलं आणि कायमचं राहिलं.

दुसरा शब्द सबज्युगेट. सब म्हणजे खाली, जुगुम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. हे जुगुम आणि आपलं जू हे सख्खे, दोघांचं मूळ संस्कृतातल्या 'युग'शी जोडलेलं. कुणाला सबज्युगेट करणं म्हणजे त्याची मान जुवाखाली आणणं. कॉन्ज्युगल म्हणजे वैवाहिक, एका जुवाला जोडलेले दोघे.

उपसर्गांत तर लूटच आहे. ग्रीक आ किंवा आन म्हणजे आपला नकारार्थी अ किंवा अन्. अनॉनिमस म्हणजे अनाम, नावातही फारसा फरक नाही. ॲग्नॉस्टिकमधला ग्नो म्हणजे आपला ज्ञा, कॉग्निझंट आणि इग्नोरन्सही त्याच घरातले. युफेमिझममधला यु म्हणजे सु, डिस्टोपियातला डिस म्हणजे दुस्. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, पेरी म्हणजे परि. व्होसिफरसमधला व्होक म्हणजे वाच्, घसा फाडून बोलणारा. इक्विव्होकल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच आवाज देणारा, म्हणून संदिग्ध. होमोजिनियस म्हणजे सम आणि जन.

इग्नोमिनीचं मूळ समजलं तेव्हा मला घरातलं कुणी बोलल्यासारखं वाटलं. नकारार्थी इ आणि नोमेन म्हणजे नाम. अप्रतिष्ठा, बेअब्रू. आपण म्हणतो ना, "नाव घालवलंस!"

लिंबोणी

दूरदेशी, वाचून अंगावर रोमांच आले. पण परीक्षेच्या दृष्टीने एक इशारा द्यायलाच हवा, कारण मी स्वतः यात पोळले आहे. मूळ कळल्याने शब्द लक्षात राहतो. अनोळखी शब्दाचा अर्थ मुळावरून बेधडक ठरवला तर मात्र खड्ड्यात जातो.

एनर्व्हेट. नर्व्ह दिसली, म्हणून मी 'उत्साह भरणे' असं धरलं होतं. तिथला ए म्हणजे बाहेर. नस काढून घेतली, म्हणजे शक्तिपात. अर्थ बरोबर उलटा. नॉइसम पाहून आवाज आठवतो, पण त्याचा गोंगाटाशी संबंध नाही, तो ॲनॉयच्या घरातला, अर्थ किळसवाणा, विशेषतः वासाला. रेस्टिव्ह म्हणजे विश्रांत नव्हे, उलट अस्वस्थ, चुळबुळणारा. इन्जीनियस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे भाबडा, मध्ये एका अक्षराचा खेळ.

संस्कृतशी सारखे दिसणारे सगळेच नातेवाईक नसतात, हेही लक्षात असू द्या. ग्रीक थिओस आणि आपला देव यांचा अर्थ एक, आवाजही जवळचा, पण नातं नाही. देवाचा खरा भाऊ लॅटिन देउस, ज्याच्यावरून डेइटी आला.

माझा नियम असा: मुळावरून अंदाज बांधायचा, पण त्याला वाक्याची साक्ष मिळाल्याशिवाय उत्तरावर खूण करायची नाही.

चाफा

दूरदेशींच्या यादीत माझी एक भर. सँग्विन, फ्लेग्मॅटिक, कॉलेरिक, मेलँकली. हे चारही शब्द मला पाठ होत नव्हते. मग कळलं की जुन्या ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात जो रस जास्त तसा त्याचा स्वभाव. रक्त जास्त तो सँग्विन, आशावादी. कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक, थंड, सहजासहजी न हलणारा. काळं पित्त म्हणजे मेलँकली, खिन्न. आणि कॉलेरिक म्हणजे पिवळ्या पित्ताचा, रागीट. आपण "माझं पित्त खवळलं" म्हणतो तेच. त्या दिवसापासून कॉलेरिक पुन्हा पाठ करावा लागला नाही.

घडी_मोडू_नका

अर्थाबद्दल सगळे छान बोललेत, मी आठवणीबद्दल बोलतो. सांजवातताई, तुम्ही लिहिलंत की उजवी बाजू झाकून विचारलं की ती चुकत नाही. एक प्रयोग करा. तेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, उलटसुलट करा आणि विचारा. मला वाटतं बरेच अडतील. वहीत शब्दाची जागा ठरलेली असते. डाव्या पानावर, वरून तिसरा, त्याच्याखाली तो शाई सांडलेला. मेंदू शब्दाबरोबर जागाही लक्षात ठेवतो आणि आपल्याला वाटतं शब्द आला. परीक्षेत ते पान नसतं.

दुसरं म्हणजे अंतर. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये तो छापला. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणून एका बैठकीत दहा वेळा घोकण्यापेक्षा दहा दिवसांत पाच वेळा आठवून बघणं जास्त टिकतं. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये यासाठी साधी पेट्यांची युक्ती सांगितली. कार्डं पाच कप्प्यांत ठेवायची. पहिला कप्पा रोज, पुढचे क्रमाने जास्त जास्त दिवसांनी. बरोबर आलं की कार्ड एक कप्पा पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. आंकी नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं, पण मला स्वतःला हाताने लिहिलेली कार्डं जास्त लागू पडली.

आणि वाचणं म्हणजे आठवणं नव्हे. रोएडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. रात्री वही चाळल्यावर जे समाधान वाटतं ते त्या पाच मिनिटांचं असतं.

कार्डावर काय लिहावं ते दीपमाळ यांनी सांगितलंच आहे. पुढच्या बाजूला सुटा शब्द नको, मोकळी जागा असलेलं वाक्य लिहा. मागच्या बाजूला शब्द, प्राजक्तताईंचा अधिक-उणे आणि एक मराठी शब्द. एवढं बास. कार्ड गच्च भरलं की कुणी वाचत नाही.

नवी_पालवी

मी गेल्या वर्षी ही परीक्षा दिली, म्हणून धीर करून लिहितेय. इथले सगळे मोठे आहेत.

मला उपयोगी पडलेली गोष्ट एकच. पर्याय हाताने झाकायचे. खरंच, पडद्यावर तळहात ठेवायचा. आधी उतारा वाचायचा आणि मोकळ्या जागेत आपला शब्द भरायचा, आणि तो मराठीत आला तर मराठीत. मग हात काढायचा आणि आपल्या शब्दाच्या सर्वात जवळचा शोधायचा. पर्याय आधी वाचले की प्रत्येक पर्याय "मी, मी" म्हणतो आणि त्याला बसवण्यासाठी आपणच उताऱ्याचा अर्थ वाकवतो. काकू, तुमच्या मुलीने शेवाळाच्या प्रश्नात आधी "विधान थोडं सौम्य केलं" असं भरलं असतं तर फोरशॅडोड तिने घेतलाच नसता.

उताऱ्यात खुणा असतात. हाउएव्हर, दो, डिस्पाइट आलं की वळण. कोलनच्या पुढे आधीच्याचा उलगडा. तिच्या प्रश्नात 'केवळ' हीच खूण होती.

वेळेचं म्हणाल तर ६४ मिनिटं आणि ५४ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद. शब्दांच्या प्रश्नाला मी ४० च्या आसपास द्यायचे आणि वाचलेली सेकंदं लांब उताऱ्यांना ठेवायचे. अजिबात सुचलं नाही तरी रिकामं सोडायचं नाही. चुकीला गुण कापणं २०१६ पासून बंद आहे.

आणि तिला अपराधी वाटू देऊ नका, काकू. मला त्याच विचाराचा शब्दांपेक्षा जास्त त्रास झाला होता.

अक्षरओळ

पालवी, फार नेमकं लिहिलंस. सांजवातताईंचा 'किती शब्द' हा प्रश्न राहिला म्हणून पुन्हा आलो. या परीक्षेची अधिकृत शब्दसूची नसते, त्यामुळे '३००० शब्दांत हमखास यश' सारख्या याद्यांवर विसंबू नका. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी काढली, त्यात ५७० शब्दकुळं आहेत, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट. परीक्षेतले उतारे विज्ञान, इतिहास, समाजशास्त्राच्या भाषेत असतात, त्यामुळे ती कुळं पक्की असणं हा चांगला पाया. बाकीचे शब्द वाचनातून गोळा करावेत. सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या मोफत मिळतात. त्यांतल्या प्रत्येक चुकलेल्या शब्दाचं एक कार्ड करा, आणि योग्य उत्तराबरोबर तिने निवडलेला चुकीचा पर्यायही त्यावर लिहा. फोरशॅडोड का नाही, हे तिला एका ओळीत सांगता आलं पाहिजे.

सांजवात

दोन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. चिठ्ठ्यांचा प्रयोग केला. वहीत न चुकणारी मुलगी उलटसुलट विचारल्यावर ५० पैकी २३ शब्दांवर अडली. मी घाबरले होते की ती खचेल. पण तिने वही मिटली, कात्री आणली आणि त्याच संध्याकाळी कार्डं कापायला बसली. आता बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे आहेत. टेन्युअसच्या कार्डावर तिने बारीक धागा चिकटवलाय.

काल हात ठेवून सराव करताना एका उताऱ्यात तिने मोकळ्या जागेत मराठीत 'आवर घातला' असं म्हटलं, हात काढला, आणि पर्यायांत चेक्ड होता. ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यासाठी तुम्हा सगळ्यांचे आभार मानायचे होते.

तिने एक प्रश्न विचारायला सांगितलाय. डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड ही दोन कार्डं पुन्हा पुन्हा पहिल्या कप्प्यात परत येताहेत. दोन्हीच्या मागे तिने 'रस नसलेला' लिहिलंय.

प्राजक्त

अनइंटरेस्टेडच्या मागे 'रस नसलेला' राहू दे. डिसइंटरेस्टेडचं परीक्षेच्या भाषेत काम वेगळं आहे. ज्याचा निकालात स्वतःचा काही स्वार्थ नाही असा, न्यायाधीश असावा तसा. त्यासाठी आपला शब्द तटस्थ. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. पाण्यात दोघे भांडताहेत, हा काठावर आहे, कुणाच्या बाजूने ओढला जात नाही. पण त्याचं लक्ष पुरतं आहे. अनइंटरेस्टेड माणूस तिथून उठून गेलेला असतो.

सांजवात

तिने कार्डावर नदी काढली. काठावर एक माणूस, डोळे चांगले मोठे. दुसऱ्या कार्डावर तीच नदी, काठ रिकामा.